वेगाला शून्य

सिद्धाराम बिराजदार यांनी बत्तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. निधनवार्तेचा त्यांचा एक नियम होता. घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय कागदावर कुणाला मारायचं नाही. पेपरची सोलापूर आवृत्ती बंद पडली, तेव्हा त्यांचाच जुना शिष्य युवराज त्यांना नवी पेठेतल्या आपल्या न्यूज पोर्टलवर घेऊन आला. पोरांना बातमीदारी शिकवायची. दुसरं काही त्यांना येतही नव्हतं.

त्या सोमवारी सकाळीच कुस्तीतले जुने बसप्पा वस्ताद गेल्याचा मेसेज मोबाईलवर फिरला. युवराजनं मिनिटभरात काळ्या चौकटीत फोटो टाकला. शिकाऊ आयेशा मात्र स्कूटी काढून वस्तादांच्या घरी गेली. वस्ताद ओट्यावर बसून शेंगाचटणीशी भाकरी खात होते.

"मला पोचवायला आलीस व्हय? बस, च्या घे की," ते म्हणाले.

ती परत येईपर्यंत तास गेला. तिनं खरं सांगितल्यावर युवराजनं श्रद्धांजली काढून टाकली आणि 'वस्ताद ठणठणीत!' अशी नवी बातमी सोडली. ती पहिलीपेक्षा जास्त लोकांनी बघितली.

"एका माणसाच्या दोन बातम्या झाल्या सर!" तो खुशीत होता.

दुपारी त्यानं शिकाऊ पोरांच्या गुणांचा कागद बिराजदार सरांपुढे सरकवला. पोर्टलवर कायमची जागा एकच होती. वेगाच्या रकान्यात आयेशापुढे शून्य.

"अरे, खरी बातमी तिनंच आणली."

"तासानं आणली की. तुमच्या शिकवणीला लई मान हाय सर, पण ती शिकवण असूनही पेपर बंदच पडला. सही करा. पटत नसंल तर उद्यापासून पोरांना मी शिकवतो."

मग एकही पोरगं कुणाच्या दारात जाऊन विचारणार नाही, हे सरांना कळत होतं. आपण इथं राहिलो तरी जाणार नाही, हेही कळत होतं. त्यांनी सही केली.

आयेशा जिन्यापाशी उभी होती. कागद तिनं आधीच बघितला असावा.

"सर, पुढच्या वेळी आधी घरी जाऊ, का आधी टाकू?"

सर म्हणाले, "आधी टाक. मग जा."

"टाकल्यावर मग कशाला जायचं सर?"

तेवढ्यात युवराजनं आतून हाक दिली. दुपारची बॅच बसली होती. सर चष्मा पुसत वर्गात गेले.