कागदावरची साठ वर्षं

बाबांच्या निरोपाच्या कार्यक्रमात मी मायजवळ तिसऱ्या रांगेत बसले होते. "वयाची साठ वर्षं पूर्ण करून आज हे सेवानिवृत्त होत आहेत," असं पाटबंधारे ऑफिसचे साहेब म्हणाले आणि टाळ्या वाजल्या. गळ्यात हार घातलेले बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते, पाठ न टेकवता. मायने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सत्तावन्न."

बाबा कालवा चौकीदार होते. इटियाडोह धरणाच्या कालव्याची एक शाखा आमच्या गावाजवळून जाते, तिच्यावरचं एक गेट त्यांच्याकडे होतं. गेट म्हणजे लोखंडी झडप. वरचं चाक फिरवलं की झडप उचलते आणि पाणी खालच्या गावांच्या धानाला जातं. कोणत्या गावाला किती दिवस पाणी द्यायचं, हे ऑफिस ठरवायचं. पण चाकाला किती वेढे दिले म्हणजे शेवटच्या माणसाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, पाणी पोचेल, हे बाबांच्या हातांना माहीत होतं. गेट उघडण्याआधी ते काठाने थोडं चालत जायचे आणि मोठ्याने ओरडायचे, "पाणी येऊन राहिलं गा!" कपडे धुणाऱ्या बाया, म्हशी घेऊन उतरलेली माणसं, सगळे बाहेर आले की मग चाकाला हात लावायचे.

तीन वर्षांची चूक कशी झाली, ते मला मोठ्या बाबांनी सांगितलं. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. दोघे एकाच दिवशी शाळेत गेले. थोरले सात वर्षांचे झाले तरी ढोरांमागेच जात होते, आणि बाबा पाच वर्षांचे. आजोबांनी दोघांनाही एकदमच नेऊन बसवलं. जन्मतारीख आजोबांना माहीत नव्हती. तेव्हा अशी रीत होती, की पोराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरून दाखवायचा. बाबा हाडाने उंच, हात लांब. त्यांनी कान धरला आणि ओढूनही दाखवला. मोठे बाबा बुटके, त्यांची बोटं केसांतच थांबली. गुरुजींनी ज्याचा हात पोचला त्याला थोरला, आठ वर्षांचा लिहिलं. ज्याचा पोचला नाही तो धाकटा, सहाचा. दोघांची तारीख एक जुलै. आजोबांनी अंगठा दिला आणि ते बांधीवर निघून गेले.

घरात यावर नेहमी हसायचे. निरोपाच्या दिवशीसुद्धा मोठे बाबा सगळ्यांदेखत बाबांच्या पायाशी वाकले. "कागदावर मोठा भाऊ हायेस तू माहा. दे आशीर्वाद!" सगळे हसले. बाबाही हसले. मग त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि एका दमात संपवला.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मी गोंदियाला वसतिगृहात राहते आणि शनिवारी रेल्वेने घरी येते. आमच्याकडे असा समज आहे, की कॉलेजात जाणाऱ्या पोरीला सरकारी कागदातलं सगळं कळतं. मला खरं तर फारसं कळत नाही. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना बाबांनी मला जन्मतारीख बदलण्याचा अर्ज लिहायला सांगितला. मी तीन वेळा लिहून काढला, एकही खाडाखोड ठेवली नाही. ऑफिसातल्या बाबूंनी तो वाचला आणि चांगल्या शब्दांत सांगितलं, की नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करायला हवा होता. ती मुदत माझ्या जन्माआधीच संपली होती. तरी बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "अर्ज मात्र मस्त लेहला तू." मला रडू आलं, पण मी बॅगेत काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

पेन्शन सुरू झाली. पैशाची अडचण आली नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण लोकांना वाटतं की दुःख तेवढंच असतं. आमच्या मागच्या गल्लीत एक गुरुजी राहतात. त्यांनी बावन्नाव्या वर्षी स्वतःहून नोकरी सोडली. आता सकाळी फिरायला जातात, तेही गाणी ऐकत. ते एकदा ओट्यावर येऊन बसले.

"काऊन गा, तोंड कायले पाडून बसला? सरकार आता बसायचा पगार देते."

"तुमचं मन भरलं होतं, गुरुजी," बाबा म्हणाले. "माहं नाई भरलं."

"अरे, मी तं पोरांच्या आवाजाले कटाळलो होतो. घंटा वाजली का मले डोकेदुखी होये. तू कायले कटाळशीन? पाणी बोलते का?"

"थेच तं," बाबा म्हणाले.

माय आतून तांदूळ पाखडत ऐकत होती. तिने लग्नाआधीपासून बिड्या वळल्या. दोन वर्षांपूर्वी तिचा अंगठा वाकेनासा झाला, बिड्या सैल व्हायला लागल्या आणि एका सोमवारी तिने तेंदूपानांचं सूप उचलून माळ्यावर टाकलं. गुरुजी गेल्यावर ती बाहेर आली. "रिटायर, रिटायर! मी बी तं बंद केल्या बिड्या. मले कोणं हार घातला?"

बाबा उठले, खुंटीवरचा निरोपाचा हार काढला आणि खरंच तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"राहू द्या," माय म्हणाली. "वाळला तो."

निरोपाच्या संध्याकाळी बाबांचा फोन माझ्या हातात होता. मी फोटो पाहत होते. तेवढ्यात कालव्याच्या कामाचा जो व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यातून त्यांना काढल्याचं दिसलं. त्यात वाईट काही नव्हतं, नोकरी संपली की काढतातच. पण हार अजून गळ्यातच होता. त्यांनी ते पाहू नये असं मला वाटलं. मी तो ग्रुपच त्यांच्या फोनमधून पुसून टाकला. कोणाला सांगितलं नाही.

त्यांच्या जागी कोणी आलं नाही. वरच्या गेटच्या चौकीदाराकडेच हेही गेट दिलं, आणि त्याच्याकडे आधीच दोन होती. मग खालच्या गावचे लोक बाबांकडे येऊ लागले. "थो तं येतच नाई. तुमी या." बाबा जाऊ लागले. सकाळी पूर्वीच्याच वेळेला, पूर्वीचाच टॉवेल खांद्यावर टाकून. चौकीदारही कुरकुरत नव्हता, त्याची सायकलची फेरी वाचत होती. बाबा मला म्हणाले, "आजकाल साहेब फोनवर काही पाठवतच नाईत. माणूस मेला का जिता, इचारत नाईत." मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी भाजी निवडत होते, निवडतच राहिले.

दसऱ्यानंतर पाऊस थांबला. धान पोटरीला आला होता, लोंबी बाहेर पडायच्या बेतात होती, शेवटच्या पाण्याची सगळ्यांना घाई झाली होती. त्या शनिवारी मी घरीच होते. बाबा सकाळी गेटवर गेले, काठाने चालले, ओरडले, आणि त्यांनी चाक फिरवलं. वळणाच्या पलीकडे काठाची फुटलेली भिंत बांधण्याचं काम चालू होतं. पाणी चार दिवस बंद ठेवायचं, असं ग्रुपवर आदल्या दिवशीच आलं होतं. वळणापलीकडे बाबांचा आवाज पोचला नाही. कालव्याच्या तळाशी तीन माणसं सिमेंट लावत होती. दोघं चढून आले. तिसरा, चांगला पन्नाशीचा गवंडी, घसरून पडला आणि फळ्यांसकट पाण्याने लोटला गेला. काठावरच्या बाईने लुगड्याचा पदर फेकला म्हणून हाती लागला. त्याचा गुडघा फुटला होता. ओली भिंत सगळी वाहून गेली.

बाबा घरी आले तेव्हा गळ्यापर्यंत भिजलेले होते. ओरडा ऐकून तेही पाण्यात उतरले होते. ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "माणूस होता वो खाली. मी माणसावर पाणी सोडलं."

दुपारी साहेब आले. तिशीचे असतील. चिडलेले होते, पण बाबांना पाहून त्यांचा आवाज खाली आला. "काका, तुम्ही आता सेवेत नाही. काही झालं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं? ग्रुपवर मेसेज टाकला होता आम्ही."

"मले नाई आला, साहेब."

"तुम्ही ग्रुपमध्ये कुठे आहात, काका? जूनपासून नाही."

त्यांनी टाइप केलेला एक कागद पुढे केला. यापुढे गेटला हात लावणार नाही, असं त्यात होतं. बाबांनी सही केली. साहेबांनी चहा घेतला नाही. पण जाताना चपला घालायला वाकले तेव्हा म्हणाले, "तुमच्याइतकं हे गेट कोणालाच कळत नाही, मला माहीत आहे." ते खरंच बोलले असावेत. त्यामुळे बाबांना आणखीच वाईट वाटलं, असं मला वाटतं.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, की ग्रुप मी पुसला होता. सगळं सांगितलं, हाराचंसुद्धा. मला वाटलं ओरडतील. मला ते हवं होतं.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी."

ते बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होते. "म्हणजे तवापासून मी तिकडं परका म्हणून जाऊन राहिलो. अन् मले वाटे, मी कामावर जाऊन राहिलो."

मी म्हटलं, "चूक माझी आहे, बाबा."

"तुही काय चूक? तुले बापाची दया आली." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पण दया नको करत जाऊ. सांगत जा."

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या बाबांना घेऊन त्या गवंड्याच्या घरी गेले. परत आले तेव्हा मोठ्या बाबांनीही थट्टा केली नाही. आठवडाभराने खालच्या गावचा एक माणूस दारात आला. त्याचा धान कालव्याच्या टोकाला होता, पाणी सुटलं होतं पण पोचत नव्हतं. "चला न भाऊ. दोनच वेढे. कोण पाहते?"

बाबा उठले नाहीत. "ऑफिसात जाय. थेच देतीन."

"काऊन? आता तुमी बी साहेब झाले का?"

तो माणूस शिवी देत गेला. त्याच्या धानाचं काय झालं मला माहीत नाही. विचारायची हिंमत बाबांनाही झाली नसावी. आता ते त्या रस्त्याने जातच नाहीत. बाजाराला जायचं तरी शाळेकडून वळसा घालून जातात.

आता रविवारी मला स्टेशनवर सोडायला बाबा येतात. इतकी वर्षं मी एकटीच जायचे, पाणी सुटलं की त्यांना निघता यायचं नाही. गाडीला तासभर असतो तेव्हाच ते माझी बॅग उचलतात. प्लॅटफॉर्मवर आम्ही बाकावर बसतो. मी अभ्यासाचं काही सांगते, ते मान हलवतात. गाडी उशिरा आहे असं कळलं की मला चिडचिड होते, पण ते म्हणतात, "असू दे, मले कोठी जायचं हाये?" ते अगदी साधेपणाने म्हणतात. मला मात्र त्या वेळी वाटतं, त्यांना कुठेतरी जायचं असायला हवं होतं.

मागच्या रविवारी गाडी सुटल्यावर मी खिडकीतून पाहिलं. सोडायला आलेले बाकीचे लोक जिन्याकडे निघाले होते. बाबा बाकावर परत जाऊन बसले.