नुसत्या स्पिरिटची चकती

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘संशयी मावशी’ म्हणत. वनस्पतींचे अर्क जंतू मारतात का, हे ती तपासायची. घरी दूधही हुंगल्याशिवाय तापवायची नाही. सासूबाईंनी पायाच्या जखमेच्या गोळ्या बंद करून अंगणातल्या पाल्याचा हट्ट धरला, तेव्हा ती पालाच कामावर घेऊन गेली. स्पिरिटमध्ये त्याचा अर्क काढून त्यात भिजवलेली कागदाची चकती तिने जंतू वाढवलेल्या बशीत ठेवली. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं. पण सवयीने शेजारी नुसत्या स्पिरिटचीही चकती ठेवलेली होती, आणि तिच्याभोवतीही तेवढंच वर्तुळ होतं.

“जंतू मारले ते स्पिरिटने. पाल्याने इकडची काडी तिकडे केली नाही,” तिने घरी सांगितलं.

“आणि तुझ्या त्या गोळीने?”

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. त्याच बशीत ठेवलेल्या तिसऱ्या, गोळीच्या औषधाच्या चकतीभोवतीचं वर्तुळ चांगलं दुप्पट होतं. सासूबाईंनी चष्मा लावून तो निरखला.

“कुठली चकती कशाची, हे तूच सांगणार ना?”

शेरास सव्वाशेर! सुनेला हसू आलं. “उद्या चला. चकत्या तुम्हीच ठेवा.”

“येणारच. तोवर दे एक गोळी,” म्हणत सासूबाईंनी ती आधी हुंगली, मग गिळली.