अर्ध्या ग्रॅमची नाणी

गुरुपुष्यामृत आला की आई स्वयंपाक लवकर आटोपून भांडुप स्टेशनजवळच्या सराफाकडे जायची आणि अर्ध्या ग्रॅमचं एक नाणं घेऊन यायची. त्या दिवशी घेतलेलं सोनं वाढत जातं, ही तिची श्रद्धा. मी एका कंपनीत हिशेब तपासते. माझं डोकं फिरायचं.

नाणं अर्ध्या ग्रॅमचं असो की दहा ग्रॅमचं, शिक्का मारायची मेहनत तीच. वजन करणं, शुद्धता तपासणं, प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद करणं, सगळं सारखंच. तो खर्च दहा ग्रॅममध्ये कुठल्या कुठे विरून जातो आणि अर्ध्या ग्रॅमच्या मानगुटीवर बसतो. म्हणून नाणं जितकं लहान, तितकं त्यातलं सोनं महाग. पैसे साठव आणि एकदाच मोठं घे, असं मी तिला कागदावर मांडून दाखवलं. ती विळीवर कोबी चिरत होती. चिरतच राहिली.

"दहा ग्रॅमाचे पैशे घरात ऱ्हवतत काय गो?" ती म्हणाली. "त्याच्या आधी कोणाची तरी नड येता."

तिच्या लग्नातल्या पाटल्या अशाच एका नडीला गेल्या होत्या. बाबा विक्रोळीच्या कारखान्यात नवे लागले होते आणि टेकडीवरच्या खोलीसाठी रक्कम एकदम भरायची होती. पुन्हा करून देईन, असं ते तेव्हा म्हणाले. मग आमची शिक्षणं आली, काकाचं लग्न आलं, गावच्या घराचं छप्पर आलं. लग्नाकार्यात आई काचेच्या बांगड्यांवर पदर ओढून बसायची. बाबांना ते दिसायचं आणि ते जेवणाच्या पंगतीपर्यंत कुणाशी धड बोलायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर प्रत्येक गुरुपुष्याला ते स्वतः तिच्या हातात पैसे ठेवायला लागले. पाटल्यांपुरतं सोनं जमलं की घडवायला टाकायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

निम्म्याच्या वर जमलंही होतं. मग बाबांची किडनी गेली.

मुलुंडला डायलिसिस सुरू झालं. विम्याचे पैसे संपले. माझा पगार घराच्या हप्त्यात आणि औषधांत वाटला जाई, तरी ओढाताण व्हायचीच. आईनं मला न विचारता नाण्यांचा डबा उघडला. सराफाकडे मी तिच्याबरोबर जायचे. तो फक्त सोन्याचे पैसे द्यायचा. घडणावळ, कर, पाकीट, जे जे आम्ही घेताना भरलं होतं ते सगळं पाण्यात. मी दुकानातच चिडायचे. पण इंजेक्शनापुरतं एखादं नाणं मोडून बाकीची डब्यात परत ठेवता यायची, हेही मी पाहत होते. मोठं नाणं एका फटक्यात गेलं असतं. जास्तीचे पैसे मोजून आईनं हीच सोय विकत घेतली होती. मला ते समजलं, तरी राग काही गेला नाही. तो तिच्यावर नव्हताच.

बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या ते कॅलेंडरची आठवण ठेवून असायचे. एका गुरुवारी त्यांनी तिला विचारलं, आज गुरुपुष्य ना, जाऊन आलीस का? ती हो म्हणाली. खरंच जाऊन आली होती. त्या सकाळी तातडीच्या औषधासाठी दोन नाणी विकावी लागली होती. ज्या दिवशी सोनं घरात आणायचं, त्या दिवशी ते बाहेर काढलं, म्हणून ती दुकानाबाहेरच्या फुटपाथवर उभी राहून रडली होती. तिला इतकं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी नुसती तिची पिशवी धरून उभी राहिले.

बाबा घरीच गेले, पहाटे. शेजारच्या काकूंनी तुळशीचं पान आणलं, गंगाजळ आणलं. तोंडात सोन्याचा कण ठेवायचा असतो. मंगळसूत्रातला एक मणी काढ, तेवढा पुरतो, असं काकू आईला हळूच म्हणाल्या. आई उठली आणि आतून नाणं घेऊन आली. आता तेवढं एकच उरलं होतं. एवढं कशाला गं, काकू म्हणाल्या. आईनं ऐकलं नाही. पाकीट दातांनी फाडलं आणि नाणं बाबांच्या ओठांआड सरकवलं.

मग ती त्यांच्या कानाशी वाकली. मी जवळच बसले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"पाटल्यो झाल्यो हां," ती म्हणाली. "आता काळजी करू नकात."