ऊन विकायचं दुकान

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. माळ्यावरच्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात. एक काढायला जावं, तर चार अंगावर पडतात! माझ्याकडचे बहुतेक सगळे किस्से लोकांच्या गच्चीवरचे आणि न्हाणीघरातले आहेत. कारण नव्वदच्या दशकात मी आणि माझा कॉलेजचा मित्र शिरीष, आम्ही दोघं सांगली-सातारा भागात सोलर वॉटर हीटर बसवत होतो. सांगलीत विश्रामबागेत एक गाळा, एक मोटरसायकल आणि रजाक नावाचा एक फिटर, एवढाच पसारा.

माणूस दिवाणखान्यात जपून बोलतो. पण एकदा त्यानं तुम्हाला बाथरूम दाखवलं, की मग आडपडदा राहत नाही.

मी मुळातच चुळबुळ्या माणूस. त्यात धंदा असा निवडला, की सगळी भिस्त आभाळावर! सकाळी डोळे उघडले की आधी खिडकीतून ढग बघायचे. फोन वाजला की वाटायचं, कुणाचं तरी पाणी गार आलं.

शिऱ्या माझ्याहून वाईट. तो गाळ्यात बसायचाच नाही. काउंटरपासून शटरपर्यंत आणि शटरपासून काउंटरपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. त्याचं कारणही तसंच होतं. शिऱ्या साताऱ्याजवळच्या एका खेड्यातला. वडील फौजेतले निवृत्त सुभेदार. सगळे त्यांना आबा म्हणत. पोराला साखर कारखान्यात पर्मनंट नोकरी लागली, तेव्हा आबांनी गावभर पेढे वाटले होते. आणि त्याच पोरानं ती नोकरी सोडून माझ्याबरोबर गाळा उघडला!

आबा एवढंच म्हणाले, "ऊन फुकट मिळतंय, आन् तू ते इकणार व्हय?"

त्यानंतर त्यांनी शिऱ्याशी बोलणंच टाकलं. शिऱ्या घरी जेवायला बसला, की आबा बायकोला सांगायचे, "त्याला म्हणावं, भाकरी घे अजून." मुलगा हातभर अंतरावर बसलेला! शिऱ्या हे आम्हाला हसत सांगायचा, पण सांगून झालं की उठून पुन्हा येरझाऱ्या घालायला लागायचा. मला फार वाईट वाटायचं.

*

विश्रामबागेतल्याच एका प्राध्यापकांच्या घरून भर चैत्रात तक्रार आली. "पाणी गार येतंय!"

आम्ही हादरलो. सांगलीच्या उन्हाळ्यात नळाचं साधं पाणीसुद्धा चटका देतं, आणि सोलरचं गार? रजाकला घेऊन तडक गच्चीवर गेलो. बघतो तर पॅनेल दिसेचना. अख्ख्या काचेवर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर ओळीनं पांढऱ्याशुभ्र कुरडया!

काकू मागून आल्या. "अहो, तुमचे शिरीषच म्हणाले होते ना, घरातलं सगळ्यात कडक ऊन या काचेवर पडतं म्हणून?"

"काकू, ते पाण्यासाठी!"

"उन्हाळ्यात गरम पाणी कुणाला हवंय?"

आम्ही कुरडयांची पिशवी घेऊन परत आलो. तक्रार प्राध्यापककाकांनी केली होती, हे आम्हाला जिना उतरताना कळलं.

*

जुन्या सांगलीतले, गावभागातले एक काका. सगळं ठरलं, टाकी गच्चीवर चढली आणि काकांनी विचारलं, "याचं तोंड कुठं येणार?"

शिऱ्या म्हणाला, "दक्षिणेला."

"काढा खाली! दक्षिण ही यमाची दिशा. आमच्या घरात दक्षिणेला पाय करून कुणी झोपत नाही."

आता सूर्याची चाल काही आम्हाला बदलता येत नव्हती. मी घाम पुसत उभा. शिऱ्या गच्चीवर दोन चकरा मारून आला आणि म्हणाला, "काका, दक्षिणमुखी मारुती चालतो ना?"

"चालतो म्हणजे काय? जास्त कडक असतो!"

"मग हे तसंच समजा."

काका खूश. आम्ही त्याहून खूश. महिनाभरानं निरोप आला, पाणी कोमट येतंय. रजाक वर चढला आणि तिथूनच ओरडला, "सायेब, काचेवर तेल हाय! आन् रुईच्या पानांची माळबी!"

काका शांतपणे म्हणाले, "दर शनिवारी घालतो. तुम्हीच म्हणालात ना?"

शिऱ्यानं हात जोडून त्यांना समजावलं, की काचेवर तेल घातलं तर ऊन आत जात नाही. काकांना पटलं. आम्ही जिन्यापर्यंत आलो, तेवढ्यात त्यांनी मागून हाक मारली.

"बरं, तेल नको. नारळ तर फोडू ना?"

*

महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्या शेटजींनी हनिमूनच्या जोडप्यांसाठी मुंबईहून एक बाथटब आणवून चार नंबरच्या खोलीत बसवला. पाणी आमच्या सोलरचं. आम्ही आधीच बजावलं होतं, "शेटजी, हा टब एकदा भरला की बाकीच्या खोल्यांना काही उरणार नाही."

शेटजींनी ऐकलं नाही. पहिल्याच संध्याकाळी चार नंबरच्या जोडप्यानं टब भरला, आणि वरच्या मजल्यावरची अख्खी फॅमिली अंगाला साबण लावलेली, टॉवेल गुंडाळून व्हरांड्यात उभी! महाबळेश्वरची थंडी! त्यांचा आरडाओरडा म्हणे बाजारात ऐकू गेला.

शेटजींनी त्यावर स्वतःच तोडगा काढला. टबाचं रबरी बूच काढून घेतलं आणि काउंटरवर किल्ल्यांच्या फळीवर टांगून ठेवलं. ज्याला टब भरायचा असेल, त्यानं येऊन बूच मागावं. म्हणजे कोण कधी भरतंय यावर लक्ष राहील!

आम्ही नंतर सर्व्हिसिंगला गेलो, तेव्हा एक नवा नवरदेव काउंटरभोवती घुटमळत होता. लग्नाची मेंदी अजून हातावर. त्यानं पेपर वाचला. बिस्किटचा पुडा घेतला. बसचं टाइमटेबल वाचलं. पुन्हा एक बिस्किटचा पुडा घेतला. बिचाऱ्याची नजर सारखी फळीवर. त्याची ती तगमग बघून मलाच बसवेना. आजूबाजूला सात-आठ पाहुणे चहा पीत बसलेले.

शेवटी शेटजींनाच त्याची दया आली. ते आतल्या पोऱ्याला मोठ्यांदा म्हणाले, "अरे, चार नंबरला बूच दे! साहेब लाजतायत!"

*

खंडाळा तालुक्यातल्या एका ऊसवाल्या पाटलांचा निरोप आला, "शनिवारच्या आत बसवा. कायबी करा."

एवढी कसली घाई? तर मुलाचं लग्न जमत नव्हतं. रविवारी मुलीकडचे घर बघायला येणार होते. गावात एकाच्याही घरावर सोलर नव्हता, तेव्हा पाटलांना वाटलं, लांबनं चकाकताना दिसला तर बरं पडेल. रजाकनं जेवणबिवण सोडून काम उरकलं. पाटलांनी आम्हाला रविवारी थांबवूनच घेतलं, ऐनवेळी काही बिघडलं तर म्हणून.

पाहुणे आले. मुलीची आत्या त्यांची पुढारी. बाकीचे बैठकीत टेकले. आत्या म्हणाली, "पाय धुवून येते," आणि मागं गेली.

ती काही परत येईना! पोहे गार झाले. मुलगा नवा शर्ट घालून आतल्या खोलीत उभा होता, त्याला घाम फुटला. पाटील माझ्याकडे बघायचे, मी रजाककडे बघायचो. मला वाटलं, फुटला पाइप आणि भाजली बाई.

मग आत्या आली. गरम पाण्यानं लाल झालेले हात पदराला पुसत म्हणाली, "जमलं म्हणा!"

पाटील गडबडले. "आवं पर पोरगा दाखवायचा हाय अजून."

"त्याला बघू की लग्नात!"

*

आता आबांचा सांगतो.

साताऱ्यात निवृत्त फौजींची एक नवी कॉलनी उभी राहत होती आणि सगळ्या घरांवर सोलर बसवायचं त्यांच्या मनात होतं. आमचा गाळा तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. ही ऑर्डर मिळाली तर तो टिकणार, नाहीतर शटर ओढायचं आणि शिऱ्यानं मान खाली घालून पुन्हा कारखान्याच्या गेटावर जाऊन उभं राहायचं. कॉलनीचे चेअरमन एक कॅप्टनसाहेब होते, आबांना पलटणीपासून ओळखणारे. त्यांनी आमची माहितीपत्रकं उघडलीसुद्धा नाहीत.

"सुभेदारांच्या घरावर आहे का? असेल तर आम्ही येऊन बघतो. ते जे सांगतील ते खरं."

घरावर होता, पण तो शिऱ्याच्या आईच्या हट्टानं बसला होता. "माझ्याबी घरावर पायजे," असं म्हणून त्या अडूनच बसल्या, तेव्हा आबा म्हणाले, "बसवा. मी हात लावणार न्हाई." आणि त्यांनी लावलाही नव्हता. लडाखच्या पोस्टिंगमध्ये आबांचे सांधे धरले होते. गार पाण्याचा थेंब त्यांना सोसायचा नाही. रोज पहाटे तांब्याचा बंब पेटवायचा आणि कढत पाणी घ्यायचं. वर गच्चीवर पोराचा सोलर, खाली परसात बंबाचा धूर!

कमिटीनं डिसेंबरमधला एक रविवार ठरवला. आणि बुधवारपासून आभाळ भरून आलं.

ते दिवस आठवले की अजून मी उठून खिडकीतून ढग बघून येतो. ऊन नाही म्हणजे पाणी गार. शिऱ्या दर तासाला रस्त्यावर जाऊन वर बघून यायचा. शनिवारी न राहवून त्यानं कॅप्टनसाहेबांना फोन केला, तारीख बदलू या का म्हणून. ते म्हणाले, "फौजी तारीख बदलत नाही."

एक आशा होती. ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेची कॉइल असते. बटण दाबलं की तासाभरात पाणी तापतं. रविवारी सकाळी आम्ही गावात पोचलो, शिऱ्या धावत आत गेला आणि बटणापाशी जाऊन तसाच उभा राहिला. गावातली लाइट पहाटेच गेली होती.

आणि जीप दारात आली.

कॅप्टनसाहेब आणि कमिटीतले चौघं खुर्च्यांवर बसले. चहा आला. आबा कॉटवर ताठ बसलेले, अंघोळ-पूजा आटोपलेली, कपाळावर गंध. शिऱ्या दाराच्या चौकटीला टेकून उभा. त्याचा चेहरा बघवत नव्हता. आबांनी बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाविरुद्ध खरी साक्ष दिली होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांच्या तोंडून काय निघणार, ते आम्हाला ठाऊक होतं.

कॅप्टनसाहेबांनी कप खाली ठेवला. "बोला सुभेदार. पोराचं मशीन कसं आहे?"

शिऱ्याला राहवलं नाही. "साहेब, चार दिवस आभाळ आहे, त्यामुळे आज पाणी..."

"तू गप रं!"

आबा शिऱ्याशी बोलले होते! शिऱ्याच्या आई चुलीपासून उठून बाहेर आल्या.

आबा उठले. दोरीवरचा टॉवेल ओढून खांद्यावर टाकला. "साहेब, तुमी च्या घ्या. माझी आंघूळ ऱ्हायलीया, तेवढी करून घेतो."

शिऱ्याच्या आई त्यांच्या कपाळावरच्या गंधाकडे बघत राहिल्या.

न्हाणीचं दार लागलं. नळ सुटला. मग तांब्यावर तांब्या अंगावर ओतल्याचा आवाज यायला लागला, आणि त्याच्या वरताण आबांचा आवाज, "हर गंगे! हर हर गंगे!" खणखणीत, कवायतीच्या मैदानावर निघावा तसा. बाहेर कमिटी खुशीत माना डोलवत होती. शिऱ्यानं मान दुसरीकडे वळवली होती.

आबा बाहेर आले. केसांतून पाणी निथळतंय, अंग लालबुंद, पाठ ताठ.

"काय सुभेदार?" कॅप्टनसाहेब म्हणाले.

"साहेब, म्हाताऱ्या हाडांना आनि काय पायजे?"

कॅप्टनसाहेब मोठ्यांदा हसले. उठून शिऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "कॉलनीवर कधी येतोस मापं घ्यायला?"

मंडळी जीपकडे निघाली. मी हात धुवायच्या निमित्तानं न्हाणीत गेलो आणि नळाखाली हात धरला. बोटं आखडली, इतकं पाणी गार होतं.

बाहेर आलो, तर आबा दारात उघड्या अंगानं उभे होते, हात जोडून. जीप वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत ते हलले नाहीत. मग कॉटवर येऊन बसले, घोंगडं गळ्यापर्यंत ओढून घेतलं, आणि दातावर दात वाजत असताना शिऱ्याकडे बघून ओरडले,

"शिऱ्या, बघतोस काय रं? बंब पेटीव!"