तळ दिसायला हवा

माझ्या गॅलरीतून शेजारच्या बंगल्यातला पोहण्याचा तलाव दिसतो. त्यात आता कुणीच पोहत नाही. तरी वसंतकाका रोज सकाळी जाळीने पाण्यावरची पानं काढतात, फिल्टर धुतात, क्लोरीन टाकतात. सत्तरी ओलांडलेला हा माणूस गुडघे टेकून कडेच्या फरशा घासतो, तेव्हा बघवत नाही. त्यांची नात सई गेल्या उन्हाळ्यात याच तलावात बुडाली.

काल न राहवून मी गेले. म्हटलं, "काका, कशाला त्रास करून घेता? बुजवून टाका ना हा तलाव."

"मुलगाही तेच म्हणतो." त्यांनी ब्रश बाजूला ठेवला. "तेव्हा पंप बिघडला होता. उद्या बघू, उद्या बघू म्हणत मी तसाच ठेवला. पाणी हिरवं, गढूळ झालं. सई दिसेना म्हणून आम्ही सगळीकडे धावलो. मी स्वतः इथे येऊन डोकावलो आणि घरात जाऊन सांगितलं, तलावात नाहीये."

वेळेवर करायचं राहून गेलेलं काम माणूस पुढे जन्मभर करत बसतो, आणि ते कधी पुरं होत नाही.

"तुझी नजर चांगली आहे," काका म्हणाले. "बघ, तळ दिसतो?"

पाणी इतकं नितळ होतं, की खालच्या फरशांमधल्या रेघासुद्धा स्पष्ट दिसत होत्या.

"दिसतो, काका."

"सगळा?"

"सगळा."

त्यांनी मान हलवली आणि ते पुन्हा फरशी घासायला वाकले.