जाळी काढायला सांगलीला

कोरेगावहून सकाळची एस.टी. सुटली तेव्हा मला शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं. शेजारी माझे पेशंट बसले होते, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार ज्ञानू, म्हणून चेहरा गंभीर ठेवला. चार वर्षांपूर्वी दूरच्या एका शहरात त्यांच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा जांघेत प्लास्टिकच्या धाग्याची जाळी बसवली होती. पुढे तिच्यात पू धरला. मी दोनदा जखम साफ केली, दोनदा ती पुन्हा वाहू लागली. जाळी काढल्यावाचून सुटका नव्हती, आणि तशी जाळी मी जन्मात पाहिली नव्हती. सांगलीच्या डॉ. बागवानांनी अशा दोन काढल्याचं कळलं. पत्र टाकलं. उत्तर आलं, ‘पेशंटला घेऊन तुम्हीच या. दोघं मिळून करू.’

कराडला चहा झाला. इस्लामपूरच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. रस्त्यालगत गुऱ्हाळ चालू होतं. मालकानं काकवी (पातळ गूळ) पुढे केली आणि विचारलं, “पावणं, कुनीकडं?”

“सांगलीला. जाळी काढायला,” हवालदार म्हणाले.

“मासं धरायची?”

“व्हय. तिच्यात मीच घावलोय.”

सगळे हसले. मग हवालदारांनी मला बाजूला घेतलं. “डॉक्टर, पाय शाबूत ऱ्हाईल न्हवं? रानात चालता आलं पायजे.”

पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या जाळीला लागूनच जातात. मी ते लपवलं नाही. ते नुसते “बरं” म्हणाले.

सांगलीत शिरलो तो हवेला हळदीचा वास. हवालदारांना दवाखान्यात दाखल करून डॉ. बागवानांच्या घरी गेलो. साठीचा, बारीक अंगाचा माणूस. त्यांनी भडंग (तिखट लावलेले चुरमुरे) समोर ठेवलं आणि शेजारी एक वही. “आधी हे वाचा. पहिली जाळी मी घाईनं ओढली. शीर फाटली. माणूस वाचला, पण त्याचा पाय अजून सुजतो.”

इतका मोठा सर्जन स्वतःची चूक अशी पुढ्यात ठेवतो, हे मी प्रथमच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी टेबलापाशी मी भीत भीत म्हणालो, “जखमेच्या तोंडातून निळं औषध आत सोडलं तर? पू कुठवर गेलाय ते दिसेल.”

“हे मला सुचलं नव्हतं,” ते म्हणाले. “सोडा.”

निळ्या रेघेनं आम्हाला थेट जाळीवर नेलं. शिरेपाशी पोचलो तसा त्यांनी चाकू माझ्या हाती दिला. “ओढायचं नाही. एकेक धागा सोडवायचा.” तीन तास गेले. माझी मान अवघडली, पण आनंद असा की थांबावंसं वाटेना. अखेर तळहाताएवढी, चुरगळलेली जाळी ताटलीत पडली. शीर शाबूत होती.

शुद्धीवर आल्यावर हवालदारांनी बोटं हलवून पाहिली. “हाय की पाय,” म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

दोन दिवसांनी त्यांना डॉ. बागवानांच्या हवाली करून मी एकटा परतलो. वाटभर उसाची रानं मागे पडत होती. प्रत्येक तालुक्यात आम्ही डॉक्टर एकटेच झुंजतो. यश पेढे वाटून सांगतो, फसलेलं कुणाच्या कानी जाऊ देत नाही.

कोरेगावला उतरल्यावर घरी न जाता पोस्टात गेलो. खंडाळ्याला माझा एक सर्जन मित्र आहे. त्याला लिहिलं, ‘गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. तुझ्या हातून होऊ नये, म्हणून सविस्तर कळवतो.’