किती हलके, बाबाजी!

हिंजवडीला जाणारी कंपनीची बस पकडायला मी निघायचो, तेव्हा मावशी दारात चपला काढत असायच्या. आजाऱ्यांची सेवा करायला बायका पाठवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या, अकोल्याकडच्या. अर्धांगवायूने पडलेल्या माझ्या वडिलांना उचलताना रोज त्याच सुरात म्हणायच्या, "किती हलके जी तुम्ही, बाबाजी!" ऐंशी किलोचे बाबा तोंडाच्या चांगल्या बाजूने हसायचे. तो सूर अजून कानात आहे.

एकदा बाथरूममध्ये बाबांचा तोल गेला आणि त्यांना झेलताना मावशींची कंबर गेली. ब्युरोकडे भरपाईचा अर्ज लिहायला सकाळी निघण्याआधी बाबांच्या पलंगाशी मीच बसलो. 'दुखापत कशी झाली?' हा प्रश्न मी मोठ्याने वाचला.

"लिहा, माहाच पाय घसरला."

"अहो मावशी, मग भरपाई कशी मिळेल?"

"बाबाजी आयकून राह्यले," त्या कुजबुजल्या.

मी तसंच लिहिलं. चूक स्वतःची, म्हणून भरपाई नाही, असं ब्युरोने कळवलं. महिन्याने कमरेला पट्टा बांधून त्या बाबांना भेटायला आल्या. म्हणाल्या, "अजून हलके झाले जी!"

तसं लिहून बाबांचं मन राखलं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर बाहेरच्या खोलीत जाऊन दुसरा अर्ज लिहिता आला असता. पण बस चुकली असती.